खळ ते स्टिकर : घरगुती चिकटकामाचा सामाजिक इतिहास
(टिटवाळा-कल्याण परिसराच्या विशेष संदर्भात)

सारांश

स्टिकर ही वस्तू आधुनिक कारखानदारीची देणगी मानली जाते. तथापि कागद, चित्र किंवा टिकली चिकटवण्याचे काम महाराष्ट्रातील घरांत फार पूर्वीपासून होत आले आहे आणि त्यासाठी लागणारे चिकटद्रव्यही घरातच तयार होत असे. प्रस्तुत निबंधात खळ, मेण व डिंक या घरगुती साधनांपासून स्वयंचिकट स्टिकरपर्यंतच्या प्रवासाचा आढावा घेतला आहे. 'घरी तयार केलेले' या शब्दप्रयोगाचा अर्थ या काळात कसा बदलत गेला, हा या निबंधाचा मुख्य विषय आहे.

बीजसंज्ञा : खळ, चिकटद्रव्य, स्टिकर, टिकली, रेडियम काम, गृहाधारित कामगार, टिटवाळा.

१. प्रस्तावना

टिटवाळा हे ठाणे जिल्ह्याच्या कल्याण तालुक्यातील काळू नदीच्या परिसरात वसलेले तीर्थक्षेत्र आहे. शकुंतला व कण्व ऋषींचा आश्रम यांच्याशी या स्थानाचा संबंध परंपरेने जोडला जातो. येथील महागणपतीचे मंदिर माधवराव पेशव्यांच्या काळात पुन्हा उभे राहिले, असेही परंपरा सांगते. ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेचा मार्ग १८५४ मध्ये कल्याणपर्यंत आणि १८५५ मध्ये टिटवाळ्यावरून पुढे वाशिंदपर्यंत पोहोचला. या लोहमार्गामुळे मुंबईची बाजारपेठ, छापखाने आणि गिरण्या यांच्याशी हा भाग जोडला गेला. पुढे मांडा-टिटवाळा हा परिसर कल्याण-डोंबिवली महानगरपालिकेत समाविष्ट झाला आणि गावाचे रूपांतर उपनगरात होऊ लागले.

अंगारकी चतुर्थीला येथे येणारा भाविक परतताना प्रसादासोबत गणपतीचे एखादे चित्र घरी नेतो. एके काळी हे चित्र कागदावर छापलेले असे आणि घरी गेल्यावर ते खळीने भिंतीवर किंवा पुठ्ठ्यावर चिकटवावे लागे. आज तेच चित्र स्टिकरच्या रूपात मिळते. मागचा कागद सोलून ते दारावर किंवा वाहनाच्या काचेवर लावले की काम संपते. हा बदल दिसायला लहान असला तरी त्यामागे घरातील ज्ञान, श्रम आणि बाजार यांच्या परस्परसंबंधांचा मोठा इतिहास दडलेला आहे. राजकीय इतिहासाच्या साधनांत अशा क्षुल्लक वाटणाऱ्या वस्तूंना स्थान मिळत नाही. तरीही सामान्य माणसाचे, विशेषतः स्त्रियांचे दैनंदिन जीवन समजून घेण्यासाठी त्यांचा अभ्यास आवश्यक ठरतो.

२. अभ्यासाची उद्दिष्टे

१) घरगुती चिकटद्रव्यांची परंपरा व त्यांचे उपयोग समजून घेणे.
२) स्वयंचिकट स्टिकरच्या आगमनामुळे घरातील कामाच्या स्वरूपात झालेला बदल तपासणे.
३) गृहाधारित श्रमाच्या संदर्भात 'घरी तयार केलेले' या संकल्पनेची चिकित्सा करणे.

हा अभ्यास ऐतिहासिक व वर्णनात्मक स्वरूपाचा असून त्यात टिटवाळा-कल्याण परिसराचा विचार मुंबई व उर्वरित महाराष्ट्राच्या पार्श्वभूमीवर केला आहे.

३. खळ : घरातील पहिले चिकटद्रव्य

मराठी घरात चिकटवण्याच्या कामासाठी मुख्यतः तीन साधने वापरली जात. पहिले साधन म्हणजे खळ. गव्हाचे पीठ किंवा मैदा प्रथम थंड पाण्यात कालवून, गुठळी राहणार नाही याची काळजी घेत, मंद आचेवर सतत ढवळत शिजवला जाई. मिश्रण पारदर्शक दिसू लागले की खळ तयार झाली असे समजत. दुसरे साधन चिंचोक्याची खळ होय. चिंचोके भाजून त्यांची टरफले काढत, नंतर ते भिजवून, वाटून शिजवत. ही खळ अधिक घट्ट व टिकाऊ असे. तिसरे साधन म्हणजे बाभळीचा डिंक; तो पाण्यात भिजवला की वापरण्याजोगा होई. घाईच्या वेळी शिजलेल्या भाताचे शितही पुरेसे असे. फाटलेला पतंग किंवा आकाशकंदिलाची सुटलेली पट्टी पुष्कळदा शितानेच जोडली जाई.

खळीला कीड व बुरशी लवकर लागते. म्हणून पुस्तकबांधणी करणारे कारागीर तिच्यात मोरचूद घालत. मोरचूद विषारी असल्याने अशी खळ मुलांच्या हाती लागणार नाही, याची खबरदारी घ्यावी लागे. कोणत्या कामाला कोणती खळ, ती किती पातळ आणि किती दिवस टिकेल, हे ज्ञान ग्रंथांतून नव्हे तर अनुभवातून एका पिढीकडून दुसऱ्या पिढीकडे जात होते.

खळीचे कार्य कसे चालते, हेही येथे पाहणे उपयुक्त ठरेल. पिठातील स्टार्चचे कण उष्णतेने पाणी शोषून फुगतात. ही लगदा झालेली खळ कागदाच्या तंतूंमध्ये शिरते आणि पाणी उडून गेल्यावर दोन्ही पृष्ठभाग एकमेकांना धरून ठेवते. म्हणजेच खळ वाळल्यावर चिकटते. पाण्याने ती पुन्हा सैल होते आणि चिकटवलेला कागद बहुधा न फाटता सुटा करता येतो. याच गुणामुळे जुन्या हस्तलिखितांच्या दुरुस्तीसाठी आजही अभिलेखागारांत स्टार्चची खळ वापरली जाते. याउलट दस्तऐवजांवर लावलेली पारदर्शक चिकटपट्टी कालांतराने पिवळी पडते आणि कागदाचे कायमचे नुकसान करते.

खळीचा वापर घरापुरता मर्यादित नव्हता. मराठेशाहीतील लांब मोडी कागदपत्रे कागदाचे तुकडे एकापुढे एक चिकटवून तयार केलेली आढळतात. सावंतवाडीच्या प्रसिद्ध गंजिफांच्या निर्मितीत चिंचोक्याच्या खळीला महत्त्वाचे स्थान होते. विणकामात ताण्याच्या धाग्याला बळकटी यावी म्हणून त्याला खळ देत. टिटवाळ्यापासून फार दूर नसलेल्या भिवंडीच्या यंत्रमाग व्यवसायात हेच काम 'सायझिंग' या नावाने कारखान्यांत होऊ लागले. एकच पदार्थ स्वयंपाकघर, कचेरी आणि माग या तिन्ही ठिकाणी वापरला जात होता, ही बाब लक्षणीय आहे.

४. छापील चित्र आणि घरातील भिंत

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात घरातील या खळीला एक नवा सोबती मिळाला, तो म्हणजे छापील रंगीत चित्र. विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या पुढाकाराने १८७८ मध्ये पुण्यात चित्रशाळा सुरू झाली. देवादिकांची व ऐतिहासिक पुरुषांची शिळाछापावरील चित्रे तिने सामान्य माणसाच्या आवाक्यात आणली. १८९४ मध्ये राजा रविवर्मा यांचा छापखाना मुंबईत उभा राहिला आणि पुढे तो लोणावळ्याजवळील मळवली येथे गेला. या छापखान्यांमुळे राजवाड्यात टांगलेले चित्र साध्या घराच्या भिंतीवर आले.

याच काळात मुंबईच्या कापड बाजारातून आणखी एक छापील वस्तू घराघरांत पोहोचली. कावसजी दावर यांनी १८५४ मध्ये मुंबईत सूतगिरणीची स्थापना केल्यानंतर या शहरात गिरण्यांची संख्या वाढत गेली. विलायती व देशी कापडाच्या ठाणांवर ओळखीसाठी रंगीत छाप चिकटवलेले असत. त्यांवर लक्ष्मी, कृष्ण, हत्ती, वाघ अशी चित्रे असत. अक्षरओळख नसलेला ग्राहक या छापावरूनच माल ओळखत असल्याने चित्राला व्यापारी मूल्य प्राप्त झाले. १८८९ च्या भारतीय व्यापारी माल चिन्हविषयक कायद्याने खोटी चिन्हे लावून माल विकण्यावर निर्बंध आणले. कागदाचा चिकटवलेला तुकडा आता विश्वासाचा आणि फसवणुकीचाही विषय बनला होता.

आगपेटीवरील चिठ्ठी हे त्याचे आणखी एक उदाहरण होय. १९२३ मध्ये स्थापन झालेल्या वेस्टर्न इंडिया मॅच कंपनीचा, म्हणजे विमकोचा, कारखाना कल्याणजवळच्या अंबरनाथ येथे होता. तेथे आगपेट्यांचे उत्पादन यंत्रावर होत असे. दक्षिणेत शिवकाशी परिसरात मात्र पेट्या तयार करणे व चिठ्ठ्या चिकटवणे ही कामे दीर्घकाळ हाताने, मोठ्या प्रमाणात स्त्रिया व मुलांकडून, होत राहिली. एकाच वस्तूच्या दोन उत्पादनपद्धती या देशात शेजारीशेजारी नांदत होत्या. पुढे स्टिकरच्या बाबतीतही हेच घडले.

घरात आलेले छापील चित्र तसेच वापरले जाई असे नाही. रविवर्मा यांच्या छापील चित्रांतील देवतांच्या वस्त्रांवर जर, टिकल्या व कापडाचे तुकडे खळीने चिकटवून ती सजवण्याची प्रथा होती. शाळकरी मुलांच्या वह्यांना तपकिरी कागदाचे वेष्टन घालून त्यावर नाव, इयत्ता, तुकडी व विषय लिहिलेली चौकोनी चिठ्ठी डिंकाने चिकटवली जाई. गणपतीच्या मखरावरील सोनेरी कागदाची वेलबुट्टी घरीच कातरली जाई. या सर्व कामांत चित्र किंवा कागद विकतचा असला तरी त्याला जागेवर बसवणारे द्रव्य व कौशल्य घरातील होते. म्हणून या टप्प्याला 'घरची खळ, घरचे काम' असे म्हणता येईल.

५. मेण, कुंकू आणि टिकली

घरगुती चिकटकामाचे सर्वांत परिचित उदाहरण मात्र कागदाचे नसून कुंकवाचे आहे. पूर्वी स्त्रिया कपाळावर प्रथम मेणाचे बोट लावत आणि त्यावर कोरडे कुंकू गोलाकार बसवत. मेणामुळे कुंकू दिवसभर टिकून राही. हे मेण मधमाशीच्या मेणात थोडे खोबरेल तेल घालून पातळ केलेले असे व कुंकवाच्या करंड्याशेजारी त्याची लहानशी डबी ठेवलेली असे. सोलापूर जिल्ह्यातील करमाळा तालुक्यातील केम हे गाव कुंकवाच्या उत्पादनासाठी प्रसिद्ध आहे. कुंकू गावोगावच्या बाजारातून येई. पण ते कपाळावर स्थिर करण्याची क्रिया प्रत्येक घरात रोज सकाळी होत असे. एका अर्थाने हे रोज नव्याने तयार होणारे चिकटचित्रच होते.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ओले गंध व त्यानंतर स्वयंचिकट टिकली प्रचारात आली. मखमली कापडातून ठशाने कापलेली आणि मागे गोंद असलेली ही टिकली पाकिटात मिळू लागली. नोकरीसाठी लोकलने प्रवास करणाऱ्या स्त्रीला ती सोयीची होती. घामाने ती ओघळत नसे, साडीच्या रंगाप्रमाणे बदलता येई आणि रात्री काढून आरशाच्या कडेला चिकटवून ठेवता येई. उपनगरी गाड्यांतील महिलांच्या डब्यात टिकल्यांची पाकिटे विकणाऱ्या फेरीवाल्या स्त्रिया हे टिटवाळा-कसारा मार्गावरील प्रवाशांनाही परिचित असलेले दृश्य आहे.

सोयीसोबत काही प्रश्नही आले. टिकलीमागील काही गोंदांत पॅरा-टर्शरी-ब्युटिल-फिनॉल या रसायनापासून बनवलेली राळ असते. तिच्यामुळे काही स्त्रियांच्या कपाळावर खाज, पुरळ किंवा पांढरा डाग निर्माण होतो, असे भारतीय त्वचारोगतज्ज्ञांनी विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत नोंदवले. कोरड्या कुंकवातील रंगद्रव्यांमुळेही त्वचेला त्रास होऊ शकतो, हे खरे आहे. तथापि मेणात काय घातले आहे हे घरातील स्त्रीला ठाऊक असे. टिकलीच्या मागे काय आहे हे तिला कळण्याचा मार्ग उरला नाही. चिकटद्रव्याचे ज्ञान घराबाहेर गेल्याचा हा थेट परिणाम होता.

६. स्वयंचिकट स्टिकरचे आगमन

टिकलीमागे वापरला जाणारा गोंद ज्या तंत्राचा भाग आहे, त्याचा उगम विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अमेरिकेत झाला. रिचर्ड ड्रू या तंत्रज्ञाने १९२५ मध्ये रंगकामासाठी चिकटपट्टी तयार केली आणि १९३० मध्ये पारदर्शक चिकटपट्टी बाजारात आली. १९३५ मध्ये स्टॅन्टन एव्हरी यांनी लॉस एंजेलिस येथे स्वयंचिकट चिठ्ठ्या तयार करण्याचा व्यवसाय सुरू केला. स्टिकरच्या इतिहासात ही घटना निर्णायक मानली जाते.

स्टिकरमध्ये साधारणतः चार थर असतात. सर्वांत वर छपाईचा कागद किंवा प्लॅस्टिकचा पापुद्रा, त्याखाली गोंद, त्याखाली गोंद चिकटू न देणारा सिलिकॉनसारखा लेप आणि सर्वांत खाली आधाराचा कागद. यातील गोंद खळीप्रमाणे वाळून चिकटत नाही. तो कायम मऊ राहतो व केवळ बोटाच्या दाबाने पृष्ठभाग धरतो. खळीचे काम तिच्या वाळण्याने पूर्ण होते, तर स्टिकरच्या गोंदाचे काम त्याच्या न वाळण्यावर अवलंबून असते. या मूलभूत फरकामुळे असा गोंद चुलीवर शिजवणे शक्य नव्हते. तो रसायन कारखान्यातच तयार होऊ शकत होता.

महाराष्ट्रात या बदलाची पूर्वतयारी हळूहळू झाली. १९३१ मध्ये दांडेकर बंधूंनी मुंबईत सुरू केलेल्या उद्योगातून पुढे 'कॅमल' या नावाने शाई, रंग व डिंक शाळाशाळांत पोहोचले. १९५९ मध्ये बळवंत पारेख यांनी मुंबईत 'फेव्हिकॉल' बाजारात आणले. सुतारकामात प्राण्यांच्या कातड्या-हाडांपासून केलेल्या सरसाची जागा त्याने घेतली. बाटलीतील डिंक आणि डब्यातील पांढरा गोंद आल्यावर घरातील खळ शिजवणे मागे पडत गेले. स्टिकरने तर चिकटवण्याची स्वतंत्र क्रियाच अनावश्यक ठरवली.

७. स्टिकरचे स्थानिक कारागीर

स्टिकर आला म्हणून स्थानिक कारागिरी संपली असे मात्र झाले नाही. लाकडी चौकटीवर रेशमी किंवा कृत्रिम धाग्याचे कापड ताणून, त्यावर प्रकाशसंवेदी लेपाने आकृती उमटवून, रबरी पट्टीने शाई दाबून छपाई करण्याच्या तंत्राला स्क्रीन प्रिंटिंग म्हणतात. इंग्लंडमध्ये सॅम्युअल सायमन यांनी १९०७ मध्ये या तंत्राचे एकस्व घेतले होते. या तंत्राला मोठे यंत्र लागत नाही. एक खोली, एक मेज, काही चौकटी आणि सुकवण्यासाठी दोरी एवढ्या भांडवलावर काम सुरू करता येते. म्हणून लग्नपत्रिका, पिशव्या आणि प्लॅस्टिकवरील स्टिकर यांची छपाई हा शहरे व उपनगरांतील अनेक कुटुंबांचा घरगुती व्यवसाय झाला. १९४९ मध्ये नामकरण झालेल्या उल्हासनगरातील लहान उद्योगांनाही आपल्या मालासाठी छापील चिठ्ठ्या सतत लागत होत्या.

दुसरा कारागीर म्हणजे रेडियम काम करणारा. रिक्षा, टेम्पो व दुचाकींवर देवतांची नावे, गावाचे नाव किंवा मुलांची नावे रंगीत चकाकत्या पापुद्र्यातून कापून लावण्याचे काम तो करतो. या पापुद्र्यात रेडियम हे मूलद्रव्य मुळीच नसते. घड्याळाच्या तबकडीवरील अंधारात चमकणाऱ्या जुन्या रेडियमयुक्त रंगाची आठवण या शब्दात शिल्लक राहिली आहे. प्रत्यक्षात हा पापुद्रा काचेच्या अतिसूक्ष्म मण्यांच्या साहाय्याने प्रकाश आलेल्या दिशेने परत पाठवतो. १९३९ मध्ये अमेरिकेत रस्त्यावरील फलकासाठी असा पापुद्रा प्रथम वापरला गेला. टिटवाळ्यासारख्या तीर्थक्षेत्री नवे वाहन प्रथम गणपतीच्या दर्शनाला आणण्याची प्रथा असल्याने वाहन आणि देवाचे नाव यांचे नाते येथे विशेष जवळचे आहे.

या कारागिराने आरंभी धारदार पातीने हातानेच अक्षरे कापली. त्यासाठी देवनागरी अक्षरांचे वळण, शिरोरेषेची जाडी आणि जोडाक्षरांची रचना त्याच्या हातात असावी लागे. पुढे संगणक व कापणी यंत्र आले. पुण्याच्या सी-डॅक आणि मॉड्युलर इन्फोटेक या संस्थांच्या देवनागरी प्रणालींमुळे मराठी अक्षरजुळणी छोट्या दुकानातही शक्य झाली. उत्पादन वेगवान झाले. पण प्रत्येक कारागिराचे स्वतंत्र वळण लोपून ठरावीक टंकांचे एकसारखेपण आले. १ एप्रिल २०१९ पासून नव्या वाहनांना उच्च सुरक्षा नोंदणी पट्टी सक्तीची झाल्याने क्रमांकपट्टी रंगवणे व चिकटवणे हा या कारागिराच्या उत्पन्नाचा एक मोठा आधारही कमी झाला.

८. 'घरबसल्या काम' : घरातील, पण घरासाठी नव्हे

स्टिकरच्या इतिहासातील सर्वांत दुर्लक्षित बाजू म्हणजे तो तयार करण्यामागचे स्त्रियांचे श्रम होत. टिकलीचे कापड ठशाने कापले जाते यंत्रावर. परंतु त्यावर खडे बसवणे, आकारानुसार टिकल्या कागदावर मांडणे, त्यांची पाकिटे भरणे ही कामे मुंबई महानगर प्रदेशातील चाळींत व वस्त्यांत घरोघरी दिली जातात. राख्या आणि खोटे दागिने यांचेही असेच आहे. ठेकेदार माल आणून देतो, स्त्रिया घरकाम सांभाळून तो पूर्ण करतात आणि मजुरी नगावर किंवा पाकिटावर मिळते. वीज, जागा आणि मदतीला बसणाऱ्या मुलांचे श्रम यांचा हिशेब या मजुरीत धरला जात नाही.

टिटवाळा परिसरात या प्रश्नाला औद्योगिक पार्श्वभूमीही आहे. जवळच्या मोहोने येथील नॅशनल रेयॉन कॉर्पोरेशनचा कारखाना २००९ मध्ये बंद पडला. कायम नोकरी, निवासस्थान आणि भविष्यनिर्वाह निधी देणारा कारखाना बंद होतो तेव्हा कुटुंबाच्या उत्पन्नाचा भार अशा नगावरच्या कामांकडे सरकण्याची शक्यता वाढते. एकीकडे मुंबईतील महाग घरांमुळे कल्याणच्या पलीकडे राहायला आलेली कुटुंबे आणि दुसरीकडे कामाच्या ठिकाणी जाण्यासाठी करावा लागणारा लांबचा प्रवास, यांमुळे घराबाहेर पडू न शकणाऱ्या स्त्रीपुढे पर्याय मर्यादित राहतात.

या श्रमांची दखल शासनस्तरावर उशिराच घेतली गेली. विडी कामगारांसाठी १९६६ मध्ये स्वतंत्र कायदा झाला व त्यात घरी विड्या वळणाऱ्या स्त्रियांचाही विचार झाला. इला भट्ट यांच्या अध्यक्षतेखालील राष्ट्रीय आयोगाने १९८८ मध्ये सादर केलेल्या 'श्रमशक्ती' अहवालाने असंघटित क्षेत्रातील स्त्रियांचे चित्र प्रथमच व्यापकपणे मांडले. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९९६ मध्ये गृहकामाविषयीचा १७७ क्रमांकाचा करार संमत केला. भारताने त्याला मान्यता दिलेली नाही. २००८ च्या असंघटित कामगार सामाजिक सुरक्षा कायद्यात 'गृहाधारित कामगार' ही व्याख्या आली व २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ती कायम राहिली. व्याख्या झाली तरी नगावरच्या मजुरीचा दर कोण ठरवणार, हा मूळ प्रश्न अनुत्तरितच आहे.

या परिस्थितीतील विसंगती उपनगरी गाडीच्या डब्यात पाहावयास मिळते. 'घरबसल्या कमवा' अशी जाहिरात करणारे लहान स्टिकर डब्याच्या भिंतीवर चिकटवलेले असतात. सार्वजनिक मालमत्ता विद्रूप करण्यास प्रतिबंध करणारा महाराष्ट्राचा कायदा १९९५ पासून अस्तित्वात आहे, तरी अशा चिठ्ठ्या दिसतच राहतात. घरी बसून पाकिटे भरणाऱ्या स्त्रीचे नाव कोणत्याही स्टिकरवर नसते. तिच्या गरजेला उद्देशून केलेली जाहिरात मात्र स्टिकरवरच असते.

९. स्टिकर पुन्हा घरात

एकविसाव्या शतकात घरगुती संगणक, रंगीत मुद्रक आणि चिकटकागदाचे सुटे ताव सहज मिळू लागल्याने स्टिकर घरी तयार करण्याची कल्पना पुन्हा रुजली. इच्छित चित्र किंवा नाव संगणकावर मांडून ते चिकटकागदावर छापायचे, शाई वाळू द्यायची, वर पारदर्शक पापुद्रा लावायचा आणि कात्रीने कडा कापायच्या, अशी ही साधी पद्धत आहे. घरगुती मुद्रकाची शाई बहुधा पाण्यात विरघळणारी असते. त्यामुळे कोकणपट्टीच्या पावसाळी हवेत वरचा पापुद्रा लावणे आवश्यक ठरते. २०२० च्या टाळेबंदीनंतर घरगुती मसाले, लोणची किंवा फराळ विकणाऱ्या अनेक स्त्रियांना आपल्या बरणीवर स्वतःचे नाव असलेली चिठ्ठी लावणे या मार्गाने शक्य झाले.

या बदलाचे महत्त्व कमी लेखता येणार नाही. कपाळावर दुसऱ्याने तयार केलेली टिकली लावणारी किंवा दुसऱ्याच्या नावाची पाकिटे भरणारी स्त्री येथे प्रथमच स्वतःच्या नावाची चिठ्ठी स्वतः छापते. मात्र या टप्प्यावरही कागद, शाई व गोंद विकतचेच आहेत. पूर्वी चित्र बाहेरचे व चिकटद्रव्य घरचे होते. आता चित्र घरचे व चिकटद्रव्य बाहेरचे आहे. संपूर्ण स्टिकर घरी करावयाचा झाल्यास जुन्याच ज्ञानाकडे वळावे लागते. डिंकाच्या दाट पाण्यात किंचित साखर किंवा ग्लिसरीन मिसळून ते कागदाच्या पाठीवर पातळ लावावे व पूर्ण वाळू द्यावे. पुढे हवे तेव्हा पाठ ओली केली की कागद चिकटतो. टपाल तिकिटे दीर्घकाळ याच तत्त्वावर चालत आली. १८५२ मध्ये सिंध प्रांतात आशियातील पहिली टपाल तिकिटे निघाली आणि १९२० च्या दशकाच्या मध्यापासून भारताची तिकिटे नाशिकच्या प्रतिभूती मुद्रणालयात छापली जाऊ लागली. तिकिटाची पाठ ओली करून ते पाकिटावर बसवण्याची सवय अनेक पिढ्यांच्या हातात होती. शालेय कार्यानुभवाच्या तासाला ही पद्धत सहज शिकवता येण्याजोगी आहे.

१०. निष्कर्ष

१) घरगुती चिकटकामाचा इतिहास तीन टप्प्यांत मांडता येतो. पहिल्या टप्प्यात द्रव्य व श्रम दोन्ही घरचे आणि वस्तूही घरासाठीच होती. दुसऱ्या टप्प्यात जागा व श्रम घरचे राहिले, पण वस्तू ठेकेदाराची झाली. तिसऱ्या टप्प्यात वस्तू पुन्हा घरची झाली, परंतु द्रव्य बाजाराचेच राहिले.

२) त्यामुळे 'घरी तयार केलेले' हा शब्दप्रयोग सरसकट गौरवाने वापरणे योग्य नाही. एखादी वस्तू घरात तयार झाली एवढ्यावरून ती स्वावलंबनाची खूण ठरत नाही. ती कोणासाठी, कोणाच्या नावाने व किती मोबदल्यात तयार झाली, हे पाहावे लागते.

३) चिकटद्रव्य घराबाहेर गेल्याने सोय वाढली, त्याच वेळी त्यातील घटकांविषयीचे ज्ञान व त्यावरील नियंत्रण कमी झाले. टिकलीमुळे होणारे त्वचाविकार हे त्याचे ठळक उदाहरण आहे. टिकलीच्या पाकिटावर गोंदातील घटकांचा स्पष्ट उल्लेख असणे ग्राहकहिताच्या दृष्टीने गरजेचे आहे.

४) स्टिकर ही अल्पायुषी वस्तू आहे. ती सोलली जाते, उन्हाने फिकी पडते किंवा तिच्यावर दुसरी चिकटवली जाते. कापडाच्या ठाणांवरील छाप व आगपेटीवरील चिठ्ठ्या काही संग्राहकांच्या आवडीमुळे टिकून राहिल्या. उपनगरांतील स्क्रीन प्रिंटिंगचे स्टिकर, हाताने कापलेली रेडियमची अक्षरे आणि टिकल्यांची पाकिटे यांचा संग्रह करण्याचे काम स्थानिक महाविद्यालयांचे इतिहास विभाग विद्यार्थ्यांच्या साहाय्याने हाती घेऊ शकतात. त्यासोबत ही कामे करणाऱ्या स्त्री-पुरुषांच्या मौखिक आठवणीही नोंदवल्या जाव्यात. टिटवाळ्याच्या मंदिराचा इतिहास लिहिताना पेशव्यांचे नाव आवर्जून घेतले जाते. त्या मंदिरातील गणपतीचे चित्र घराघरांत पोहोचवणाऱ्या व चिकटवणाऱ्या हातांची नोंद झाल्याशिवाय या परिसराचा सामाजिक इतिहास पूर्ण होणार नाही.